हाकेला ओ

"ते ठिपकं व्हय? ते ठिणग्यांचं हाय, सिस्टर. आमच्यात सगळ्यांच्याच अंगावर असतंय."

मी शेजारच्या बेडपाशी पाठमोरी उभी राहून सलाइनचा वेग बघत होते. बोलत होती चार नंबर बेडवरच्या पेशंटची बायको. सिस्टर त्याचं अंग पुसत होत्या आणि छातीवर हे लाल काय उठलंय, असं त्यांनी सहज विचारलं होतं. बायकोनं तितक्याच सहज उत्तर दिलं. सिस्टर "असं होय" म्हणाल्या, टॉवेल पिळला आणि त्याचा दुसरा हात पुसायला घेतला.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात मेडिसिनची रेसिडेंट होते, दुसऱ्या वर्षाला, आयसीयूच्या ड्युटीवर. चार नंबरचा पेशंट हुपरीचा होता. वय सव्वीस, काम चांदीचे पैंजण झाळायचं, म्हणजे कड्यांचे जोड ज्योतीवर वितळवून बसवायचं. आदल्या दिवशी सकाळी मोटारसायकलवरून कोल्हापूरला येताना तो खडीवर घसरला आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. डोक्यावर हेल्मेट होतं, डोक्याला ओरखडासुद्धा नव्हता. आला तेव्हा चांगला बोलत होता. एक्स-रे काढणाऱ्याला म्हणाला होता, "फोटो जरा बरा काढा, लग्नातला बी चांगला आला न्हवता." पायाला वजन लावून ताण दिला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं.

ते झालं नाही. सकाळी त्याचा श्वास वाढला, रक्तातला ऑक्सिजन उतरला, म्हणून त्याला आमच्याकडे आयसीयूत हलवलं. दुपारपर्यंत तो तोंडावरचा मास्क ओढून काढायला लागला. बायकोला काकी म्हणाला. आपण कारखान्यात आहोत असं समजून माझ्याकडे चिमटा मागितला. डोक्याचा सीटी स्कॅन केला, तो स्वच्छ आला. मग कुणीतरी त्याच्या मित्राला विचारलं, दारू घेतो का. मित्र म्हणाला, "कवातरी घेतोय की." तेवढ्यावर फाइलमध्ये लिहिलं गेलं, की दारू अचानक बंद झाल्यामुळे भ्रम झाला असावा.

त्याच्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते आयसीयूच्या दारातच कडाडले. "आमचं जैनाचं घर हाय! दारूचं नाव काढताय?" त्यांना सगळे आप्पा म्हणत. उंच, पांढरी टोपी, आवाज असा की जिन्यापर्यंत ऐकू जावा. ते जितके ओरडले तितकं त्यांच्यावर विश्वास ठेवणं आमच्या लोकांना कठीण गेलं. घरच्यांना कधीच माहीत नसतं, असं एकजण म्हणाला आणि विषय मिटला.

हा सगळा भाग मला आजही नीट आठवतो, कारण मी त्यात एक शब्दही बोलले नव्हते.

ठिणग्यांचं ऐकून मात्र मी तिथेच थांबले. मी स्वतः हुपरीची. आमच्या घरी खालच्या खोलीत कारखाना आहे. आई आणि काकू पाटावर बसून कड्या जुळवतात, बाबा ज्योतीपुढे बसतात. जोडाला लावलेला टाकणखार तापला की तडतडतो आणि त्याचे बारीक कण उडतात. बाबांच्या मनगटांवर, हाताच्या पंज्यांवर, हनुवटीखाली त्या खुणा कायम असायच्या, आणि त्यांच्या प्रत्येक बनियनला समोरून भोकं. ठिणगीची खूण कशी असते ते मला अभ्यास न करता येतं. आधी फोड, मग तपकिरी खपली, आठवड्यानं ती पडते आणि तिथे पुसट डाग राहतो. आणखी एक गोष्ट मला माहीत होती. झाळताना हात हलू नये म्हणून माणूस कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवून बसतो.

सिस्टरांनी अंग पुसायला त्याचा हात डोक्याच्या दिशेनं वर केला होता. मी वळले. त्याच्या काखेत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. डझनभर नव्हेत, मोजता येणार नाहीत इतके.

मी काचपट्टी घेऊन त्यावर दाबली. लाली गेली नाही, म्हणजे कातडीखाली रक्त उतरलं होतं. खालची पापणी ओढून पाहिली, आत तसेच तीन ठिपके. छातीवर, मानेच्या खोबणीत तेच. एकालाही फोड नाही, खपली नाही.

"हे काखेत घरी असताना होते का?" मी बायकोला विचारलं.

"काखेत?" ती म्हणाली. "काखेत कशाला जाईल ठिणगी?" मग तिनं स्वतःच वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "अगं आई. हे कवा उठलं?"

मी सरांना शोधत गेले. सर म्हणजे आमचे आयसीयूचे प्रमुख, साठीचे, कमी हसणारे. ते ओपीडीतून बाहेर पडत होते. मी काय पाहिलं ते सांगितलं. कारखान्यात कोपरं कुठे असतात तेही सांगितलं, फक्त मला हे कसं माहीत ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी येऊन काख पाहिली, पापणी पाहिली, छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला, सकाळचा रक्ताचा रिपोर्ट मागवला. त्यात प्लेटलेट्स निम्म्यावर आल्या होत्या.

"हाड मोडलं कधी?" त्यांनी विचारलं.

"काल सकाळी नऊच्या सुमाराला."

"म्हणजे तीस तास. बरोबर वेळेवर आलंय." त्यांनी फाइलमधली दारूची ओळ एका रेघेनं खोडली.

मोठ्या हाडांच्या आत अस्थिमज्जा असते आणि तिच्यात चरबी असते. हाड मोडलं की त्या चरबीचे बारीक थेंब रक्तात शिरतात. बहुतेकांना त्यानं काही होत नाही. थोड्यांच्या बाबतीत ते थेंब फुप्फुसांत अडकतात आणि श्वास बिघडतो, आणि त्यातल्याही काहींच्या मेंदूतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांत जाऊन बसतात. मग चांगला बोलणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरळायला लागतो आणि झोपेत बुडतो. अंगावर असे ठिपके उठतात, पण सगळ्यांच्या नाही, आणि उठले तरी दोन-चार दिवसांत विरतात. 'होय, हाच आजार' असं सांगणारी एकही तपासणी नाही. हाड, श्वास, भ्रम आणि ठिपके एकमेकांशेजारी ठेवून ओळखायचं असतं. सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसतं.

संध्याकाळी एमआरआय झाला. रेडिओलॉजीच्या खोलीत पडद्यावर करड्या मेंदूभर पांढरे बारीक ठिपके उमटले होते, दोन्ही बाजूंना, खोलवर. रेडिओलॉजिस्ट म्हणाले, पुस्तकात याला चांदण्यांचं आकाश म्हणतात. मला चांदण्या आठवल्या नाहीत. कारखाना बंद करताना आई काळ्या फडक्यावर पडलेला चांदीचा कीस ब्रशनं गोळा करते, तो आठवला.

आप्पांना आणि बायकोला सरांनी बाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग ह्याला औषध काय?"

"ही चरबी घालवणारं औषध नाही. शरीर स्वतःच ती हळूहळू मोडून टाकतं. तोवर त्याचा श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन आपण सांभाळायचा. मेंदूला सूज येऊ द्यायची नाही. दुसरं काही बिघडू द्यायचं नाही."

"म्हंजे तुमी नुसती राखण करणार."

"होय, राखणच," सर म्हणाले. "पण ती करायला शिकावी लागते."

आप्पांना हे उत्तर आवडलं असावं. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "करा मग."

त्याच संध्याकाळी त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. घशात नळी, झोपेची औषधं, डोकं थोडं उंच. तासातासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, साखर बघायची, ताप चढू द्यायचा नाही, रक्तदाब पडू द्यायचा नाही. राखणीत धाडसाचं काही नसतं. विसरायचं नसतं, एवढंच. ते काम मला जमतं. गप्प राहणाऱ्या माणसाला बघायला भरपूर वेळ मिळतो, आणि आयसीयूत बघणाऱ्याची गरज असते. माझ्या हाताखाली त्याचा रक्तदाब एकदाही घसरला नाही, हे मी आजही अभिमानानं सांगते.

चौथ्या दिवशी पायाचा प्रश्न आला. हाड अजून मोकळं होतं. जोवर ते हलतंय तोवर आणखी चरबी रक्तात जाण्याचा धोका. हाडांचे सर्जन म्हणाले, आत रॉड घालायला नको, त्या ठोकण्यानं आणखी चरबी सुटेल. आत्ता फक्त बाहेरून सळया लावून हाड जागेवर बांधू, अर्ध्या तासाचं काम आहे. सही घ्यायला आप्पांना बोलावलं.

"आजार डोक्यात आन् तुमी पाय कापणार?" आप्पांचा आवाज परत जिन्यापर्यंत गेला. "उद्या दात काढाल!"

सर्जननी पुन्हा सांगितलं. आप्पांनी ऐकलं, मग त्यांना ओलांडून माझ्याकडे बघितलं. "व्हय वो बाई, खरं सांगतोय का ह्यो?"

सर्जन माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मी खाली बघत "हो" म्हणाले. आप्पांनी सही केली, पेन सुनेकडे दिलं. तिनं विचारलं, "दुखंल का त्यांना?" मी मान हलवून नाही म्हटलं. तिनंही सही केली.

तेव्हापासून आप्पा दुसऱ्या कुणाला काही विचारेनासे झाले. रोज सकाळी राउंड संपला की दारात उभे राहून फक्त मला विचारायचे.

पाय बांधल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑक्सिजन सुधारला. ठिपके फिके पडले, मग दिसेनासे झाले. सहाव्या दिवशी झोपेची औषधं बंद केली. आता तो जागा व्हायचा होता.

तो जागा झाला नाही.

माणूस किती शुद्धीवर आहे हे मोजायची एक पद्धत आहे. डोळे कशानं उघडतात, बोलतो का, हात कसा हलवतो, याला आकडे देतात. डोळे आपोआप उघडले तर सगळ्यात चांगलं. हाकेला उघडले तर त्याखालोखाल. नुसते दुखवल्यावर उघडले तर त्याहून खाली. रोज सकाळी आठ वाजता हे आकडे मी टाकायचे. मी त्याच्या बेडच्या कडेला उभी राहायचे आणि म्हणायचे, "डोळे उघडा. ऐकू येतंय का तुम्हाला? माझा हात दाबा." मग नखावर पेनानं दाबायचे. तो हात ओढून घ्यायचा, कपाळाला आठी घालायचा, डोळे किलकिले करायचा, पुन्हा बुडायचा. मी लिहायचे, हाकेला प्रतिसाद नाही. दिवसभर सिस्टर आपल्या तक्त्यात तेच आकडे उतरवून घेत राहायच्या. डॉक्टरनं लिहिलेल्याच्या पुढे जायची आमच्याकडे पद्धत नाही. राउंडला सर विचारायचे, "कालसारखंच?" मी म्हणायचे, "हो सर."

माझ्या आवाजाबद्दल इथे सांगायला हवं. पाचवीत मला हुपरीहून कोल्हापूरच्या इंग्रजी शाळेत घातलं. पहिल्या दिवशी हजेरीला मी घरच्यासारखीच ओ दिली. घरी तार ओढायच्या यंत्राच्या आवाजापेक्षा मोठ्यानं बोलावं लागतं, त्या आवाजात. सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत "मी डबा खाऊन आलो" म्हणाले, तेव्हा पुन्हा हसला. आमच्याकडे मुलीही आलो-गेलो म्हणतात, हे त्यांना माहीत नव्हतं. मी महिनाभर बोललेच नाही आणि मग बोलायला लागले तेव्हा वेगळी बोलायला लागले. हळू, नीट, शेवटचा शब्द गिळत. बाईंना ते फार आवडलं. घरी आई विचारायची, "काय पुटपुटतीयास?" पण हळूहळू तिलाही सवय झाली. डॉक्टर झाल्यावर लोक या आवाजाला शांत स्वभाव म्हणायला लागले. मीही म्हणू दिलं.

चार नंबरच्या बेडपाशी हळू बोलणारी मी एकटीच होते असंही नाही. बायको भेटायच्या वेळेला यायची, सासऱ्यांच्या समोर नवऱ्याला हाक मारायची पद्धत नाही म्हणून नुसती पायावर हात ठेवून बसायची. आप्पांचा एरवीचा आवाज दारातच राहायचा. आत आले की ते टोपी नीट करून मुलाच्या कानाशी वाकायचे आणि णमोकार मंत्र म्हणायचे, इतक्या हळू की ओठ हलताना दिसायचे फक्त. आजारी माणसाच्या कानात णमोकार आमच्याही घरी म्हणतात. मला ते बघून बरं वाटायचं. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होतीच. ते सगळे दिवस त्या माणसाशी सगळं जग कुजबुजत होतं.

आठव्या दिवशी अंग पुसणाऱ्या त्याच सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, मी ओरडले की पापणी हलते बघा त्याची." त्यांना आयसीयूत पंधरा वर्षं झाली होती. मी गेले, माझ्या पद्धतीनं तीनदा डोळे उघडायला सांगितलं. पापणी हलली नाही. "भास झाला असेल," मी म्हणाले. मी कालचेच आकडे लिहिले.

दारात आप्पा होते. "हाकेला ओ देतोय का?"

"अजून नाही," मी म्हणाले.

हे मी त्यांना चार दिवस सांगितलं. रोज सकाळी, तेच दोन शब्द.

दहाव्या दिवशी राउंडनंतर आप्पांनी सरांना बाहेर गाठलं. मी फाइल धरून मागे उभी होते. ते ओरडले नाहीत, त्यामुळे मला आधी कळलंच नाही की ते काय मागतायत.

"आज घरला न्हेतो त्याला."

सर म्हणाले, "आप्पा, या आजारात माणसं उशिरा उठतात. उठली की बरीचशी चांगली होतात. नळी आहे, मशीन आहे. घरी नेलंत तर काय होईल माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय. म्हणूनच न्हेतोय. आपल्या दारात, आपल्या माणसांत, कानात णमोकार पडत जावं माणसानं. हितं ह्या टुकटुक वाजणाऱ्या पेटीपाशी न्हवं."

"अजून आठवडा थांबा."

"कशाच्या जिवावर थांबू?" आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "ही पोरगी रोज सांगती, हाकेला ओ न्हाय. तुमी समदी डॉक्टर गोड बोलताय. ही बोलतच न्हाय, पर जे बोलती ते खोटं न्हाय बोलत. पोरगं घरात आसतं तर पहिल्या हाकेला उठलं आसतं. न्हाय उठत म्हंजे ते आत न्हाय."

सरांनी आणखी थोडं समजावलं. आप्पा ऐकत राहिले, पण टोपी त्यांनी या वेळी काढली नाही. अ‍ॅम्ब्युलन्स बारा वाजता येणार होती. शेवटी सर माझ्याकडे वळून म्हणाले, "एकदा पूर्ण तपास आणि नोट लिही. मी सह्यांचे कागद बघतो."

मी आत गेले. मला त्या वेळी रडू वगैरे येत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की आप्पांनी त्यांचा सगळा निर्णय माझ्या दोन शब्दांवर उभा केलाय.

बेडपाशी उभी राहिले. "डोळे उघडा," मी म्हणाले. "ऐकू येतंय का तुम्हाला?"

समोरून सिस्टर सक्शनची नळी गुंडाळत म्हणाल्या, "मॅडम, राग मानू नका. पण तुम्ही त्याला उठवताय का झोपवताय?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"हुपरीचा गडी आहे तो. कारखान्यात असं बोलून कोण उठतंय? शेवटचं म्हणून तरी एकदा दणकून हाक मारा."

मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला सोपं आहे. त्या बरोबर होत्या आणि मला ते दोन दिवसांपूर्वीच कळायला हवं होतं. जगात मला तरी ते कळायलाच हवं होतं. आमच्या खालच्या खोलीत बाबांना जेवायला बोलवायचं तर जिन्यातून ओरडावं लागतं, आणि ते माझंच काम होतं.

मी बेडची कडा धरली आणि ओरडले. "ए दादा! डोळं उघड! बघ की हिकडं!"

दोन नंबरच्या आजोबांनी डोळे उघडले. सहा नंबरच्या मावशी "काय झालं गं बाई" म्हणाल्या. बाहेरच्या काउंटरवरचं बोलणं थांबलं.

चार नंबरची पापणी थरथरली.

"आरं उघड की! किती झोपशील?"

डोळे उघडले. छताकडे नाही, माझ्याकडे. मी बेडच्या दुसऱ्या बाजूला गेले, डोळे माझ्यामागे आले, सावकाश, पण आले. मी माझी दोन बोटं त्याच्या तळहातात दिली. "दाब!" त्यानं दाबली. तेवढं पुरत नाही, तान्हं मूलही बोट धरतं. "सोड!" सोडली. "पुन्हा दाब!" दाबली. "सोड!" मी हे पाच वेळा केलं, कारण योगायोगानं माणूस एकदा सोडेल, पाच वेळा नाही. सिस्टर शेजारी उभ्या राहून मोजत होत्या.

"सरांना बोलवा," मी म्हणाले, तेही मोठ्यानंच, पण माझं ओरडणं ऐकून सर आधीच दारातून आत येत होते.

त्यांच्यामागे आप्पा आणि बायको. सरांनी स्वतः हात धरून बघितला, सांगितलं, सोडवला. मग बाजूला झाले. आप्पा पुढे आले आणि सवयीनं कानाशी वाकायला लागले. मी म्हणाले, "मोठ्यानं बोला." ते सरळ झाले आणि त्यांचा तो जिन्यापर्यंतचा आवाज पहिल्यांदा आयसीयूत घुमला. "ए लेकरा!" डोळे त्यांच्याकडे वळले. बायकोनं सासऱ्यांच्या देखत नवऱ्याचा हात धरला आणि कुणी तिला काही म्हटलं नाही.

पुढचं सावकाश झालं. अ‍ॅम्ब्युलन्स परत गेली. तीन दिवसांनी नळी काढली. घसा बसलेला, पहिला शब्द "पाणी", दुसरा एक शिवी, कुणाला ते कळलं नाही. आत रॉड घालायचं ऑपरेशन नंतर झालं. काही आठवडे त्याला हत्यारांची नावं आठवत नव्हती, चिमट्याला चमचा म्हणायचा, पण हातात दिला की बरोबर धरायचा. वॉकर घेऊन घरी गेला तेव्हा एक्स-रेवाल्याला हाक मारून गेला. पुन्हा ज्योतीपुढे बसायला त्याला बरेच महिने लागले, पण तो बसला. अशा आजारातून माणसं अशी परत येतात, हे मी आता प्रत्येक घरच्या माणसाला ठामपणे सांगते. सगळीच येतात असं नाही सांगत. पण वाट बघायला सांगते, आणि वाट बघताना त्याला मोठ्यानं हाक मारायला सांगते.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी आप्पा बेडच्या पायथ्याशी उभे होते, उपरण्यानं तोंड पुसत. पुसून झाल्यावर त्यांनी सरांकडे बघितलं. आनंद झाला म्हणून प्रश्न सोडून देणाऱ्यातले ते नव्हते.

"मग काल का न्हाय उघडलं डोळं?" त्यांनी विचारलं. "परवा का न्हाय?"

"मेंदूची सूज एकेक दिवसानं उतरते, आप्पा," सर म्हणाले. "आज त्याची वेळ आली."

हे खोटं नव्हतं. सूज उतरतच होती, आणि कदाचित पहिल्या दिवशी तो कितीही ओरडलं तरी उठला नसता. सरांनी मला वाचवायला ते म्हटलं असंही नाही, त्यांना तक्त्यातलेच आकडे माहीत होते. आप्पांनी मान डोलवली. त्यांना ते पटलं होतं. सिस्टर त्यांच्या तक्त्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. मी गप्प राहिले असते तर ती गोष्ट तिथेच संपली असती, आणि गप्प राहणं मला चांगलं येतं.

पण आप्पा म्हणाले होते की ही पोरगी जे बोलते ते खोटं बोलत नाही. त्या शब्दावर त्यांनी मुलाला घरी मरायला न्यायचं ठरवलं होतं. पुढच्या वेळी तेच, किंवा त्यांच्यासारखं दुसरं कुणी, दारात उभं राहून मला विचारणार होतं.

"चूक माझी हाय, आप्पा," मी म्हणाले. "मी त्याला नीट हाकच मारली न्हवती."